दुसऱ्यांच्या गळ्यातला कोहेन

लेनर्ड कोहेनचं गाणं जगाने पहिल्यांदा ऐकलं ते कोहेनच्या आवाजात नाही. १९६६ साली न्यू यॉर्कमध्ये तो लोकगीतं गाणाऱ्या जुडी कॉलिन्सकडे गेला. मला गाता येत नाही, गिटारही धड वाजवता येत नाही, आणि हे जे लिहिलंय त्याला गाणं म्हणायचं की नाही तेही कळत नाही, अशी प्रस्तावना त्याने केली, असं जुडी आजही सांगते. त्याच नोव्हेंबरात आलेल्या तिच्या 'इन माय लाइफ' या तबकडीत त्याची दोन गाणी होती, 'सुझान' आणि 'ड्रेस रिहर्सल रॅग'. कोहेन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. रॉकच्या दुनियेत हे वय निवृत्तीचं. नावावर चार कवितासंग्रह आणि दोन कादंबऱ्या होत्या, कॅनडात कवी म्हणून दबदबा होता, ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर एक जुनं घर होतं, आणि खिशात पैसे नव्हते. पुस्तकांवर पोट भरत नाही म्हणून गाणी लिहावीत, हा त्याचा हिशेब होता. गाणी लिहून पोट भरतं, असा समज करून घेणारा तो पहिला कवी नव्हे आणि शेवटचाही नव्हे.

आपल्याकडे अरुण कोलटकर त्याच्याहून तीन वर्षांनी मोठे. त्यांनीही इंग्रजीत गाण्यांसाठी शब्द लिहिले होते. ते मरणोत्तर 'द बोटराइड'मध्ये छापले गेले. कोलटकरांची गाणी कागदावर राहिली आणि कोहेनची गळ्यात गेली, याचं कारण गुणवत्तेत शोधू नये. कोहेनला जुडी कॉलिन्स भेटली, एवढंच.

तिनेच त्याला मंचावर ढकललं. १९६७मध्ये न्यू यॉर्कच्या एका कार्यक्रमात ती त्याला घेऊन आली. 'सुझान' सुरू झालं, त्याचे पाय लटपटू लागले, आणि अर्ध्यावर गाणं सोडून तो विंगेत निघून गेला. श्रोते त्याला बोलावत राहिले. शेवटी जुडी त्याच्यासोबत बाहेर आली आणि दोघांनी मिळून ते संपवलं. वर्षअखेरीला त्याची स्वतःची पहिली तबकडी निघाली, तोवर 'सुझान' लोकांच्या कानात बसलेलं होतं. म्हणजे आपल्याच गाण्याचा मूळ गायक होण्याची संधी कोहेनला मिळालीच नाही. तो आला तेव्हा ते गाणं आधीच दुसऱ्याचं झालेलं होतं. शब्दशः सुद्धा. या गाण्यासकट तीन गाण्यांचे हक्क कुठल्याशा कागदावर सही केल्याने एका संगीत-संयोजकाकडे गेले, असं कोहेन पुढे सांगत असे. त्यावर त्याची तक्रार नसे. हे गाणं माझ्या मालकीचं नाही हे बरंच झालं, असा त्याचा सूर असे. तो सूर कितपत खरा, याची मला शंका आहे, पण तो त्याने आयुष्यभर सोडला नाही.

मराठी श्रोत्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडे गाणं ओळखलं जातं ते गळ्यावरून. 'गीतरामायण' १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून सादर झालं तेव्हा ती छप्पन्न गीतं अनेक गायक-गायिकांनी मिळून गायली होती. नंतर सुधीर फडके एकट्याने ती मंचावरून गाऊ लागले आणि आज गदिमांचे शब्दही आपण बाबूजींच्या आवाजातच वाचतो. कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन माणसं आपण धरून चालतो. इंग्रजी रॉकमध्ये मात्र डिलननंतर एक वेगळाच आग्रह रुजला, की लिहिणाऱ्यानेच गायलं पाहिजे, आवाज कसाही असो, आणि तेच खरं गाणं. कोहेन या आग्रहाच्या काळात वाढला आणि त्याच्या गाण्यांनी मात्र आपल्या भावगीतांसारखी वाट धरली.

तो स्वतः दुसऱ्याची गाणी गात नसे असं नाही. १९६९च्या 'साँग्ज फ्रॉम अ रूम'मधलं 'द पार्टिझन' हे अनेकांना त्याचंच वाटतं. ते त्याचं नाही. १९४३मध्ये लंडनमध्ये ते जन्मलं. चाल ॲना मार्ली या रशियात जन्मलेल्या गायिकेची, फ्रेंच शब्द प्रतिकार-चळवळीतले नेते इमॅन्युएल दास्तिए यांचे. अमेरिकेत हाय झॅरेट याने ते इंग्रजीत आणलं. पोरवयात उन्हाळी शिबिरात कामगार-चळवळीच्या गाण्यांच्या पुस्तकातून कोहेन ते शिकला. नाझींशी लढणाऱ्या फ्रेंच माणसाचं गाणं एका ज्यू मुलाने कॅनडात इंग्रजीत पाठ केलं, आणि मग ते गेलं पोलंडला. तिथे मासिए झेंबाती याने कोहेनची गाणी पोलिशमध्ये आणली होती. ऐंशीच्या दशकात, लष्करी कायद्याच्या दिवसांत, सॉलिडॅरिटीची माणसं 'पार्टिझन' आपलं म्हणून गात होती. १९८५मध्ये कोहेन पोलंडमध्ये गायला गेला तेव्हा श्रोत्यांना त्याच्याकडून राजकीय उद्गार हवा होता. त्याने सरळ घोषणा द्यायचं टाळलं. त्याच्यावर याबद्दल नाराज झालेले होते, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. पण गाणं आधीच त्यांच्या ताब्यात होतं. त्याच्या घोषणेवाचून त्याचं काही अडलं नव्हतं.

मंचाची भीती मात्र गेली नाही. १९७०च्या ऑगस्टमध्ये त्याने लंडनजवळच्या एका मनोरुग्णालयात कार्यक्रम केला. तिथे त्याला बरं वाटे, कारण समोरच्या माणसांना गाणं आवडलं नाही तर ती तोंडावर सांगत. त्याच महिन्याच्या अखेरीला आइल ऑफ वाइटचा महोत्सव होता. सहा लाखांचा आकडा नेहमी सांगितला जातो. तो नेमका असो नसो, माणसं बेटाला पेलणार नाहीत एवढी होती. तिकिटांवरून वाद झाला, कुंपणं पाडली गेली, क्रिस क्रिस्टोफरसनची हुर्यो उडवली गेली, जिमी हेंड्रिक्स गात असताना मंचाला आग लागली. मध्यरात्र उलटून बराच वेळ झाल्यावर, झोपेतून उठवलेला, दाढी वाढलेला कोहेन मंचावर आला. मरी लर्नर याने घेतलेलं चित्रण उपलब्ध आहे, ते जरूर पाहावं. तो गाणं सुरूच करत नाही. लहानपणी वडिलांबरोबर सर्कशीला जायचो, तिथे सगळ्यांना काडी पेटवायला सांगत, म्हणजे अंधारात कोण कुठे आहे ते दिसे, असं काहीतरी तो अगदी हळू सांगतो. मग प्रत्येकाने एक काडी पेटवावी अशी विनंती करतो. त्याचे वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले होते, हे लक्षात ठेवून ती गोष्ट ऐकली की तिचा सूर वेगळा लागतो. आणि मग 'बर्ड ऑन द वायर' इतक्या संथ लयीत सुरू होतं, की हा माणूस झोपेत तर नाही ना असं वाटावं. गर्दी शांत झाली. आरडाओरडा करून कुणालाही गप्प करता येत नाही. कोहेनने आवाज खाली आणून ते साधलं.

दोन वर्षांनी जेरुसलेममध्ये नेमकं उलट घडलं. गाणं मनासारखं होत नाही म्हणून त्याने कार्यक्रम मध्येच थांबवला, तिकिटाचे पैसे परत देऊ म्हणाला आणि आत गेला. आत जाऊन दाढी केली, असं त्या दौऱ्यावरच्या टोनी पामरच्या चित्रपटातही दिसतं. बाहेर श्रोते उठून गेले नाहीत. ते हिब्रू स्वागतगीत गात बसले. तो रडत बाहेर आला आणि पुढे गायला.

१९७३च्या ऑक्टोबरात योम किप्पुरचं युद्ध पेटलं तेव्हा तो हायड्रावर होता, मुलगा वर्षाचा होता. सगळं सोडून तो इस्रायलला गेला. किबुत्झमध्ये शेतीकाम करीन, असा बेत होता. तेल अविवमधल्या एका कॅफेत स्थानिक कलावंतांनी त्याला ओळखलं आणि मॅटी कास्पी, इलाना रोविना, ओशिक लेव्ही यांच्याबरोबर तो सिनाईच्या वाळवंटात सैनिकांपुढे गाऊ लागला. ध्वनिवर्धक नाही, मंच नाही, कधी ट्रकच्या दिव्यांचा उजेड. 'लव्हर लव्हर लव्हर' त्याच दिवसांत लिहिलं गेलं. मॅटी फ्रीडमनने या दौऱ्यावर २०२२ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात कोहेनच्या वहीतलं, सैनिकांना भाऊ म्हणणारं एक कडवं त्याने दाखवलं आहे. तबकडीत ते कडवं नाही. पुढे कोहेन हे गाणं दोन्ही बाजूंच्या सैनिकांसाठी आहे असं सांगू लागला. मधे काय घडलं याचा एक धागा त्याच्याच आठवणींत आहे. हेलिकॉप्टरमधून जखमी उतरवले जात होते, ते पाहून तो रडू लागला. कुणीतरी म्हणालं, ते इजिप्तचे आहेत. त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच नंतर त्याला धास्ती वाटली. पुढल्या वर्षीच्या तबकडीतलं 'हू बाय फायर' हे योम किप्पुरच्या एका प्राचीन प्रार्थनेवर बेतलेलं आहे. पुढल्या वर्षात कोण कशाने मरेल याची ती यादी. युद्धात लोकांना मरताना पाहून आलेल्या माणसाने ती यादी पुन्हा लिहिली, हे जाणून ऐकलं की त्यातला थंडपणा अंगावर येतो.

फिल स्पेक्टरबरोबर १९७७मध्ये केलेल्या 'डेथ ऑफ अ लेडीज मॅन'वर फार शाई खर्च करू नये. स्पेक्टर पिस्तूल बाळगत असे, एकदा ते त्याने कोहेनच्या मानेला लावलं होतं. ध्वनिफिती तो रोज घरी घेऊन जाई, आणि कोहेनने केवळ अंदाजासाठी गायलेले आवाजच अखेर तबकडीत राहिले. एका गाण्याच्या कोरसमध्ये डिलन आणि ॲलन गिन्सबर्ग ओरडताना ऐकू येतात. इतकी मोठी नावं एकत्र येऊन इतकं गोंधळाचं काम झाल्याचं उदाहरण विरळा.

त्याचे खरे सहकारी वेगळेच होते, आणि बहुतेक स्त्रिया होत्या. जेनिफर वॉर्न्स १९७२च्या दौऱ्यात त्याच्या मागे उभी राहून गायची. पुढे ती स्वतः नावारूपाला आली, जो कॉकरबरोबरच्या तिच्या गाण्याला ऑस्करही मिळालं. कोहेनला मात्र ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कुणी विचारत नव्हतं. वॉर्न्सने फक्त त्याच्या गाण्यांची तबकडी काढायचं ठरवलं. बड्या कंपन्यांना रस नव्हता. १९८६मध्ये एका लहान कंपनीने 'फेमस ब्लू रेनकोट' काढली आणि ती चालली. 'फर्स्ट वी टेक मॅनहॅटन' लोकांनी आधी तिच्याकडून ऐकलं, स्टीव्ही रे वॉनच्या गिटारसह. दोन वर्षांनी कोहेनची 'आय ॲम युअर मॅन' आली तेव्हा तिच्यासाठी जमीन नांगरलेली होती, आणि नांगर वॉर्न्सच्या हातात होता.

शॅरन रॉबिन्सन १९७९च्या दौऱ्यात आली, कोरसमध्ये गाण्यासाठी. 'एव्हरीबडी नोज' आणि 'वेटिंग फॉर द मिरॅकल' ही दोघांनी मिळून केली. २००१च्या 'टेन न्यू साँग्ज'मध्ये तर दहाही गाणी दोघांची, निर्मिती तिची, आणि मुखपृष्ठावर दोघेही. कोहेनचा आवाज वयाबरोबर इतका खोल गेला होता, की त्यात स्वर कमी आणि खर्ज जास्त उरला होता. तो जणू एकतारीसारखा एकाच जागी घुमत राहतो आणि चाल चढते-उतरते ती बायकांच्या आवाजात. पुष्कळांना हे दोघींच्या-तिघींच्या कोरसचं प्रकरण गुळमट वाटतं. मला ते रचनेची गरज वाटतं. ज्याला स्वतःच्या गळ्यावर विश्वास नव्हता त्याने दुसऱ्यांचे गळे गाण्यातच बसवून घेतले.

आता 'हॅलेलुया'. टाळता येत नाही.

या गाण्यावर तो काही वर्षं झुंजत होता. ऐंशी कडवी लिहिली होती असं सांगतात. न्यू यॉर्कच्या हॉटेलच्या खोलीत जमिनीवर बसून डोकं आपटत होतो, ही आठवण त्याने स्वतःच सांगितली आहे. डिलनने पॅरिसमध्ये त्याला विचारलं, हे लिहायला किती वेळ लागला? त्याने दोन वर्षं असं सांगितलं, आणि तेही कमी करून. मग त्याने डिलनच्या एका गाण्याबद्दल तोच प्रश्न केला. डिलनचं उत्तर होतं, पंधरा मिनिटं. १९८४मध्ये जॉन लिसॉरच्या निर्मितीत 'व्हेरियस पोझिशन्स' तयार झाली. कोलंबियाच्या प्रमुखाने ती अमेरिकेत काढायलाच नकार दिला. तू थोर आहेस हे ठाऊक आहे, पण चांगला आहेस की नाही ते कळत नाही, अशा अर्थाचं तो बोलल्याचं कोहेन सांगे. युरोप आणि कॅनडात तबकडी निघाली, अमेरिकेत नंतर एका छोट्या कंपनीने काढली. 'हॅलेलुया'कडे कुणाचं लक्ष गेलं नाही. अपवाद डिलनचा. त्याने १९८८मध्ये ते काही कार्यक्रमांत गायलं.

मग जॉन केल. त्याने कोहेनला मंचावर हे गाताना ऐकलं होतं. १९९१मध्ये एका फ्रेंच मासिकाने कोहेनच्या गाण्यांची मानवंदना-तबकडी काढायला घेतली तेव्हा केलने शब्द मागवले. फॅक्समधून पंधरा पानं बाहेर पडली. त्यातली बायबलच्या छायेतली काही आणि शय्यागृहातली काही कडवी निवडून, सिंथेसायझर आणि कोरस काढून टाकून, केलने ते नुसत्या पियानोवर गायलं. तरुण जेफ बकलीने हे केलचं रूप ऐकलं, कोहेनचं नव्हे, आणि १९९४च्या 'ग्रेस'मध्ये आपल्या गिटारवर गायलं. बकली १९९७मध्ये मेम्फिसजवळ नदीत बुडून गेला आणि त्याच्या आवाजातलं गाणं आपोआप शोकगीत झालं. २००१मध्ये 'श्रेक'मध्ये केलचा आवाज वाजला, त्याच चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत मात्र रूफस वेनराइटचा. २००८च्या नाताळात ब्रिटनमध्ये एका गाण्याच्या स्पर्धेत जिंकलेल्या अलेक्झांड्रा बर्कचं 'हॅलेलुया' पहिल्या क्रमांकावर होतं, बकलीचं दुसऱ्या. कोहेनचं मूळ छत्तिसाव्या.

हे वाचताना मला तुकोबांच्या गाथ्याच्या पोथ्या आठवतात. कुठल्या अभंगात कुठलं चरण, कोणत्या फडावर कोणता पाठ, यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाद झाले. अभंग गाणाऱ्याने ओळी निवडल्या, आणि निवड हाच त्याचा अर्थ झाला. फरक इतकाच, की 'हॅलेलुया'च्या बाबतीत कवी जिवंत होता, ऐंशी कडवी हाताशी होती, आणि कुठली खरी हे सांगायला त्याने नकार दिला. स्वतःही तो वेगवेगळ्या काळात वेगळी कडवी गात राहिला. आज लग्नात आणि अंत्यविधीला जे 'हॅलेलुया' गायलं जातं ते कोहेनच्या शब्दांचं, पण केलच्या संपादनाचं आहे. केलला त्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही. २००९मध्ये कोहेन म्हणाला, गाणं चांगलं आहे, पण फार लोक ते गातात.

इतर भाषांत त्याचं काय झालं हा वेगळ्या लेखाचा विषय. दोनच नोंदी करतो. इटलीत फाब्रित्सियो दे आंद्रे याने सत्तरच्या दशकात 'सुझान' इटालियन केलं. आणि ग्रॅनडाच्या एन्रिके मोरेंते याने १९९६मध्ये 'ओमेगा'मध्ये कोहेन आणि लोर्का एकत्र आणून फ्लॅमेंकोच्या कट्टर रसिकांना चिडवलं. हे वर्तुळ मोठं गमतीचं आहे. कोहेनने पंधराव्या वर्षी लोर्का वाचला, मुलीचं नाव लोर्का ठेवलं, लोर्काच्या एका कवितेचं 'टेक धिस वॉल्ट्झ' हे भाषांतर करण्यात दीडशे तास घातले, आणि मग स्पॅनिश गायकाने ते पुन्हा स्पॅनिशमध्ये नेलं.

१९९४ ते १९९९ तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवर झेन मठात होता, भिक्षू झाला होता. तिथलं नैराश्य सोसवेना तेव्हा डोंगर उतरून तो थेट मुंबईला आला. केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरे आणि सकाळी रमेश बाळसेकरांच्या घरच्या सत्संगाला जाई. बाळसेकर बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले. खेतवाडीच्या माडीवर निसर्गदत्त महाराज मराठीत बोलत, आणि परदेशी साधकांसाठी ते इंग्रजीत सांगणाऱ्यांत बाळसेकर होते. म्हणजे कोहेनपर्यंत पोचलं ते मुळात गिरगावच्या मराठीतलं, एका बँकरच्या इंग्रजीतून आलेलं. कर्ता कुणी नाही, सगळं घडतं, हा बाळसेकरांचा मुख्य मुद्दा. कोहेनला तो पटला की नाही कोण जाणे. पण त्याच सुमारास आयुष्यभराचं नैराश्य निवळलं, हे त्याने अनेकदा सांगितलं. कारण विचारलं तर तो बाळसेकरांचं नाव घेई आणि लगेच हेही जोडे, की वय झालं की चिंतेच्या पेशी मरतात असं कुठेतरी वाचलंय. मुंबईत तो गायला आला नव्हता, आणि त्याच्या पुढच्या गाण्यांत मुंबई शोधण्याचा आटापिटा कुणी करू नये.

मग पैसे गेले. त्याच्या व्यवस्थापिकेने त्याची जवळजवळ सगळी पुंजी लांबवल्याचं २००४-०५मध्ये उघड झालं. न्यायालयाने २००६मध्ये नव्वद लाख डॉलर भरपाईचा निकाल दिला, हाती मात्र काही आलं नाही. पोटासाठी पुन्हा मंच. पंधरा वर्षांच्या खंडानंतर, ११ मे २००८ रोजी कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या लहानशा नाट्यगृहात त्र्याहत्तर वर्षांचा कोहेन उभा राहिला. पुढच्या अडीच वर्षांत दोनशेहून अधिक कार्यक्रम झाले, प्रत्येक सुमारे तीन तासांचा. सूट, हॅट, गुडघ्यावर बसून गाणं. हावियेर मास तारा छेडू लागला की हा हॅट काढून त्याच्यासमोर झुकून ऐकत बसे. भीती होती, पण आता ती शिस्तीत बांधली होती. गंमत अशी, की या गर्दीतल्या तरुणांना त्याच्याकडे पाठवलं होतं ते बकलीने आणि 'श्रेक'ने. २००९च्या सप्टेंबरात व्हॅलेन्सियाला गाता गाता तो कोसळला, तीन दिवसांनी पंच्याहत्तराव्या वाढदिवशी बार्सिलोनात गात होता. त्याच आठवड्यात रमत गानच्या स्टेडियमवर शेवटी त्याने हात उंचावून हिब्रूत पुरोहितांचा आशीर्वाद दिला. कोहेन या आडनावाचा अर्थच तो. त्या कार्यक्रमावर बहिष्काराची हाक होती. रामल्लामधला जोडीचा कार्यक्रम रद्द झाला, कारण तिथल्या लोकांना अशी तोलून दिलेली हजेरी नको होती. सिनाईत अर्धवट राहिलेला प्रश्न छत्तीस वर्षांनी तसाच समोर उभा होता, आणि गाण्याने तो सुटला नाही.

शेवटचा दौरा २१ डिसेंबर २०१३ला ऑकलंडमध्ये संपला. मंचावरचं शेवटचं गाणं 'सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी' होतं, डॉक पोमस आणि मॉर्ट शूमन यांचं.

'यू वाँट इट डार्कर'च्या वेळी पाठीचे मणके इतके झिजले होते, की घरातच खास खुर्चीत बसून तो गायला. मुलगा ॲडम निर्माता होता. मागे मॉन्ट्रियलच्या शार हाशोमायिम सिनेगॉगचं गायकवृंद, जिथे लहानपणी तो घरच्यांबरोबर जाई. तबकडी २१ ऑक्टोबर २०१६ला आली, ७ नोव्हेंबरला तो गेला. ॲडमकडे वडिलांनी नुसते म्हणून ठेवलेले काही शब्द उरले होते, चालीशिवाय. त्याने हावियेर मासला बोलावलं, जेनिफर वॉर्न्सला बोलावलं, आणि तीन वर्षांनी 'थँक्स फॉर द डान्स' काढली.